सावलीची खादी आणि मालाच्या साखळीतली पहिली मजुरी

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, अर्धी वाचून भांडायला येऊ नका.

भाची नागपूरला एमबीए करते. तिला प्रकल्पासाठी 'लॉजिस्टिक्स आणि सप्लाय चेन' या विषयावर काहीतरी पाहिजे होतं. फोनवर म्हणाली, मामाजी, डबेवाल्यांवर लिहू का? मी म्हटलं, बाई, त्यांच्यावर इतकं लिहून झालंय की आता त्यांनाच स्वतःबद्दल वाचायला वेळ नसेल. तू सावलीवर लिही. ती हसली. सावलीत कोणती सप्लाय चेन, तिथे तर रेल्वे पण नाही, म्हणे.

रेल्वे नाही हे खरं. पण ९० वर्षांपूर्वी याच गावात मालाच्या साखळीबद्दलचा एक असा प्रश्न प्रत्यक्ष व्यवहारात उतरत होता, ज्याचं उत्तर मॅनेजमेंटच्या पुस्तकांना अजून धड देता येत नाही. कापड तयार होऊन गिऱ्हाईकापर्यंत जातं, त्यात किंमत कुठून मोजायला सुरुवात करायची? गिऱ्हाईक किती देईल इथून, की कातणारी बाई किती पैशांत जगेल इथून?

आधी थोडं मागे जाऊ.

'सप्लाय चेन मॅनेजमेंट' हा शब्दप्रयोग १९८२ मधला. कीथ ऑलिव्हर नावाच्या इंग्लंडमधल्या सल्लागाराने तो वापरला आणि रूढ झाला. त्याच वर्षी, २६ ऑगस्टला, आपल्या चंद्रपूरातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण मला लक्षात ठेवायला सोपं जातं. शब्द नवा असला तरी काम जुनंच. जंगलातल्या मुलखाला मीठ कोण आणणार आणि इथलं धान्य, लाख, मोहफूल बाहेर कोण नेणार, ही व्यवस्था लमाणांच्या बैलांच्या तांड्यांनी कितीतरी पिढ्या सांभाळली. रस्ता नाही, पूल नाही, पावसाळ्यात वैनगंगा दोन्ही थड्या भरून. तरी समुद्राचं मीठ झाडीपट्टीतल्या चुलीपर्यंत येत होतं.

मग इंग्रज आले आणि मालाच्या वाटांकडे पाहायची नजर बदलली. त्यांना वऱ्हाड-नागपूरचा कापूस पाहिजे होता. सर आर्थर कॉटन यांचं नाव आंध्रात आजही आदराने घेतात, गोदावरीच्या धरणामुळे. त्यांचं आणखी एक मोठं स्वप्न होतं: गोदावरी, प्राणहिता आणि वर्धा या नद्यांतून बोटी चालवून कापूस थेट काकिनाड्याच्या बंदरावर न्यायचा. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते. पहिला दुम्मागुडमला, दुसरा सिरोंच्याजवळ इंचमपल्लीला, तिसरा प्राणहितेवर देवलमरीला, म्हणजे आपल्या अहेरीकडे. बंधारे, कालवे, मजूर, हिवताप, सगळं झालं. हेग नावाचा लष्करी इंजिनिअर वर्षानुवर्षं त्यावर राबला. अमेरिकेतलं यादवी युद्ध सुरू झालं (१८६१ ते १८६५), लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला, तेव्हा तर या कामाला फारच भाव आला. पण १८६७ ला मुंबईची रेल्वे नागपूरला पोहोचली. कापूस पश्चिमेला वळला. १८७१ मध्ये गोदावरीचं काम गुंडाळलं.

यात सिरोंच्याच्या माणसाला काय मिळणार होतं, हा प्रश्न त्या योजनेत नव्हताच. वाट त्याच्या अंगणातून जाणार होती, एवढंच.

पुढे बंगाल-नागपूर रेल्वेची अडीच फुटी छोटी गाडी आली. गोंदियाहून नागभीड, तिथून सिंदेवाही, मूल, आणि चांदा. १९०८ ते १९१३ च्या दरम्यान हा मार्ग टप्प्याटप्प्याने पुरा झाला. नागभीडहून नागपूरला जाणारा फाटाही त्याच काळातला. त्यावरची छोटी गाडी २०१९ च्या नोव्हेंबरात बंद झाली, तेव्हा आपल्यातले कितीतरी जण शेवटचा फोटो काढायला गेले होते. सावलीला मात्र गाडी आली नाही. मूल हेच जवळचं स्टेशन. बाकी बंडी आणि पाय.

आता मूळ गोष्ट.

आपला भाग धानाचा. कापूस जिल्ह्याच्या पश्चिमेला, वरोरा-राजुऱ्याकडे, आणि त्यापलीकडे हिंगणघाट-वर्ध्याला. पण सूत कातणारे आणि कापड विणणारे हात मात्र पूर्वेकडेही भरपूर होते. चांद्याच्या हातसुताचं नाव एकेकाळी दूरवर होतं. जाडंभरडं, टिकाऊ कापड विणणारे बहुतेक महार समाजातले विणकर, आणि कोष्टी. गिरणीचं सूत आणि गिरणीचं कापड आल्यावर यांचा धंदा बसत गेला. नागपूरला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ च्या पहिल्या तारखेला सुरू झाली, आणि पुढच्या काळात हातमाग सोडलेली कितीतरी विणकर घरं नागपूरच्या गिरण्यांत मजूर म्हणून गेली. नागपूरच्या कामगार वस्त्यांचा आणि तिथून उभ्या राहिलेल्या आंबेडकरी चळवळीचा एक धागा आपल्याकडच्या बंद पडलेल्या मागांपर्यंत येतो, हे आपण फार कमी बोलतो.

पण झाडीपट्टीत हातसूत पूर्ण मेलं नाही. धानाची कापणी-मळणी झाली की घरात काम नाही, पैसा नाही. बाया कातत राहिल्या. म्हणूनच अखिल भारत चरखा संघाच्या महाराष्ट्र शाखेला सावली हे खादीचं केंद्र म्हणून सोयीचं पडलं. संघाची स्थापना १९२५ ची, पाटण्याला, अध्यक्ष गांधीजी. महाराष्ट्राचं काम वर्ध्याहून श्रीकृष्णदास जाजू बघायचे. जाजूजी म्हणजे हिशेबाला पक्के आणि बोलायला कमी. त्यांच्याविषयी मराठीत आणखी लिहायला पाहिजे, पण ते पुन्हा कधी.

साखळी अशी होती. कापूस आणायचा, पिंजायचा, पेळू करायचे, ते बायांना द्यायचे. त्या घरी कातणार आणि ठरलेल्या दिवशी सूत घेऊन येणार. केंद्रावर सूत मोजायचं, वजन करायचं, अंक काढायचा, मजबुती बघायची आणि त्याप्रमाणे पैसे द्यायचे. मग सूत विणकराकडे, तिथून धुलाईला, तिथून गाठोडी बांधून भांडारात. माल पिकायचा गरिबाच्या गावात आणि विकायचा शहरात. मुंबईला विठ्ठलदास जेराजाणींचं खादी भांडार होतं, तसली ठिकाणं. पेळू ते भांडार या प्रवासात माल किती हातांतून जातो ते मोजा. साठा कुठे अडकतो, पैसा किती महिने गुंतून राहतो, सूत कमी-जास्त अंकाचं आलं तर माग कसा थांबतो, हे आजच्या एमबीएच्या पोरांना शिकवतात ते सगळे प्रश्न तिथे रोज होते. कॉम्प्युटर नव्हता, वही होती.

आता कातणीचा हिशेब बघा, कारण सगळी गोष्ट इथेच आहे. चार फुटांचा एक तार. ६४० तारांची एक गुंडी, म्हणजे सुमारे ८५३ वार. गिरणीची लड ८४० वारांची, जवळपास तेवढीच. सोळा अंकाचं सूत म्हणजे एका रतलात, म्हणजे पौंडात, सोळा लडी बसतात. १६ गुणिले ८४०, म्हणजे १३,४४० वार. चांगल्या हाताची बाई ताशी ४०० वार कातते असं धरलं तरी एक रतल सुताला ३३-३४ तास लागतात. आठ तासांचा दिवस धरला तर चार दिवसांहून जास्त. पिंजणं आणि पेळू करणं त्यात धरलेलं नाही.

आणि दिवसभर कातून मिळायचे किती? दोन आण्यांच्या आतच. रुपयाचे सोळा आणे, हे नव्या पोरांसाठी सांगतो.

खादीवाले तेव्हा अभिमानाने सांगायचे की आम्ही रिकाम्या हाताला काम दिलं, काहीच नव्हतं तिथे दोन पैसे दिले. खोटं नव्हतं ते. पण १९३५ च्या सुमारास गांधीजींना हे टोचायला लागलं. ज्या खादीला आपण गरिबाचं कापड म्हणतो, ती स्वस्त राहावी म्हणून सगळ्यात गरीब बाईची मजुरी आपणच दाबून ठेवतो आहोत. गिरणीमालकाला बोलायचं आणि आपण हे करायचं? विनोबांनी तर नालवाडीला स्वतः कातून तेवढ्याच मजुरीवर जगून बघायचा प्रयोग सुरू केला. प्रश्न कागदावरून पोटात उतरला तो असा.

ऑक्टोबर १९३५ मध्ये वर्ध्याला चरखा संघाने ठराव केला. आठ तासांच्या चांगल्या कामाला किमान मजुरी ठरवायची, आणि ती कशावरून? माणसाला वर्षाला २० वार कापड लागतं आणि शास्त्रीय पद्धतीने ठरवलेला किमान आहार लागतो, एवढं तरी त्या मजुरीत भागलं पाहिजे. गांधीजींच्या मनातला आकडा दिवसाला आठ आण्यांचा होता. सुरुवातीचे दर त्याहून बरेच खाली ठेवले, जमेल तसे वाढवू म्हणून.

जरा थांबून हे वाचा. बाजारात सुताचा भाव काय आहे, तिथून सुरुवात नाही. बाईच्या ताटात काय पाहिजे, तिथून सुरुवात. मग मागचा सगळा हिशेब पुढे सरकवायचा. भारतात किमान वेतनाचा कायदा १९४८ ला आला. त्याच्या १३ वर्षं आधीची ही गोष्ट, आणि तीही सरकारने नव्हे तर माल विकणाऱ्या संस्थेने स्वतःवर लादून घेतलेली.

आता मघाचा हिशेब पुन्हा लावा. दिवसाला दोन आणे दिले तर एक रतल सुताची कताई साडेआठ आण्यांच्या आत. आठ आणे दिले तर दोन रुपये दीड आण्यापर्यंत जाते. चौपट. पुढे विणाई, धुलाई, वाहतूक, भांडाराचा खर्च वेगळाच. भांडारवाल्यांची झोप उडाली असणार यात नवल नाही. आक्षेप सरळ होता: भाव वाढला की गिऱ्हाईक जाईल, गिऱ्हाईक गेलं की काम जाईल, आणि ज्या बाईसाठी हे करता ती घरी बसेल. शिवाय बाजारात 'अप्रमाणित' खादी होतीच. संघाच्या बाहेरचे व्यापारी जुन्या दराने कातून घेऊन खादी म्हणूनच विकायचे, आणि दिसायला दोन्ही कापडं सारखीच.

अशा वेळी सावली. २९ फेब्रुवारी ते ६ मार्च १९३६ या दिवसांत गांधी सेवा संघाचं अधिवेशन आपल्या गावात भरलं. अध्यक्ष किशोरलाल मश्रूवाला. गांधीजी डिसेंबरात रक्तदाबाने आजारी पडले होते आणि नुकते कुठे हिंडाफिरायला लागले होते, तरी ते इथे आले. त्यानंतर दोन महिन्यांनी ते शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला गेले. काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन, फैजपूरचं, त्याच वर्षाच्या शेवटी झालं. म्हणजे फैजपूरच्या आधी सावली. हे आपल्या शाळांत किती पोरांना माहीत आहे?

सावलीच्या अधिवेशनाची एक गोष्ट जगभर सांगतात. 'गांधीवाद' नावाची काही चीज नाही, मला मागे पंथ ठेवायचा नाही, अशा अर्थाचं गांधीजी इथे बोलले. लोक ते वाक्य सांगतात, गाव विसरतात. मला मात्र त्याहून जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की ही सगळी मंडळी खादी केंद्राच्या गावात जमली होती, नवा मजुरीचा ठराव जेमतेम पाच महिन्यांचा होता, आणि तो निभतो की नाही याची परीक्षा अशाच केंद्रांवर चालली होती. कातणाऱ्या बाया त्या वादात बोलल्या का? मंडपातल्या भाषणांत त्यांचा आवाज ऐकू येत नाही. त्यांच्याबद्दल बोललेलं भरपूर सापडतं.

ठराव निभवायला संघाने जे केलं ते सप्लाय चेनच्या कोणत्याही वर्गात शिकवण्यासारखं आहे. मजुरी वाढवायची तर ताशी सूत वाढलं पाहिजे, म्हणून चरखे सुधारले, पिंजण सुधारली, बायांना शिकवायला माणसं नेमली. पेळू चांगला असेल तर सूत तुटत नाही, सूत तुटत नाही तर वेळ वाचतो, आणि विणकराचाही वाचतो. मधला खर्च छाटायचा प्रयत्न झाला. कापड शक्यतो जिथे होतं तिथेच खपावं, मुंबईच्या गिऱ्हाइकासाठी नव्हे तर आधी गावाच्या अंगासाठी, असा आग्रह वाढला. कातणाऱ्यांनीही खादी वापरावी म्हणून मजुरीतला काही भाग कापडात द्यायची पद्धत आली. ही शेवटची गोष्ट मला पटत नाही. बाईच्या हातात पैसा पडायला लागला तेव्हाच त्यातला काही भाग तत्त्वासाठी कापून घ्यायचा, हे बाहेरून बसून ठरवणं सोपं. तिला कदाचित मीठ-तेल पाहिजे असेल.

आणखी एक टोचणी. सगळी चर्चा मुख्यतः कातणाऱ्यांची झाली. विणकराची बाजू मागे राहिली. ज्या महिन्यात वर्ध्याला हा ठराव झाला त्याच महिन्यात, १३ ऑक्टोबर १९३५ ला, येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. आपल्या भागातला विणकर बहुतांशी ज्या समाजातला, त्या समाजाच्या दृष्टीने त्या महिन्याची मोठी बातमी वर्ध्याची नव्हती, येवल्याची होती. मागावर दोन पैसे जास्त मिळाले तरी विहिरीवर काय, हा त्यांचा प्रश्न होता. खादीचा इतिहास लिहिताना हे गाळलं तर तो अर्धाच राहतो.

मग ठरावाचं काय झालं? माझं मत सांगतो, तुमचं वेगळं असू शकतं. ठराव बरोबर होता, आणि त्याने मजुरी खरोखर वाढली. पण सगळा भार गिऱ्हाइकाच्या सद्बुद्धीवर टाकलेला होता. शहरातला माणूस चळवळीच्या जोरात आहे तोवर महाग कापड घेतो. चळवळ ओसरली की तो किंमतीची चिठ्ठी बघतो. १९४५ मध्ये तर खादी घ्यायची असेल तर किमतीचा काही भाग सुताच्या रूपात द्या अशी अटच आली, म्हणजे गिऱ्हाइकाने स्वतः कातलं पाहिजे. तत्त्व म्हणून मोठं, दुकान म्हणून अवघड. स्वातंत्र्यानंतर सरकारी आयोग आला, १९५७ ला. अंबर चरखा आला. सूट आली, २ ऑक्टोबरची रिबेट आली. किमतीतली फट सरकारने भरायची असं ठरलं. आणि हळूहळू साखळीचं पहिलं टोक पुन्हा अंधारात गेलं. आपल्याला माहीत असते ती फक्त सवलत किती टक्के ते.

ही गोष्ट जुनी म्हणून सोडून द्यावी, तर आपल्याकडे ती पुन्हा पुन्हा घडते. बांबूचं बघा. बल्लारपूरची गिरणी १९४५ ची. चांद्याच्या जंगलातला बांबू वर्षानुवर्षं कागदाला गेला. तोडणारा गोंड-माडिया मजूर, आणि टोपल्या-सुपं विणणारा बुरूड, यांना त्या साखळीत काय भाव होता हे तुमच्यातल्या जुन्या लोकांना सांगायला नको. वनहक्क कायदा २००६ चा. २००९ मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू विकता येईना. का? वाहतूक परवाना वनखात्याच्या हातात. जंगल तुमचं, बांबू तुमचा, पण रस्त्यावर आणला की गुन्हा. शेवटी २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या, देवाजी तोफांच्या हातात दिलं. लॉजिस्टिक्सच्या पुस्तकात ट्रक, गोदाम, सॉफ्टवेअर असतं. आपल्याकडे अख्खी साखळी एका पावतीपुस्तकावर अडलेली होती. ते पुस्तक हातात आल्यावर ग्रामसभा स्वतः लिलाव करू लागल्या, मजुरीचा दर स्वतः ठरवू लागल्या. इथे १९३५ पेक्षा एक फरक आहे, आणि तो मला मोठा वाटतो: दर वर्ध्याच्या बैठकीत ठरला नाही, तोडणारे ज्या सभेत बसतात तिथे ठरला.

आणि धान. आमच्या घरचं धान मागे एकदा एका खरेदी केंद्रावर (नाव नको) नऊ दिवस उघड्यावर पडून होतं. कारण काय, तर बारदाना नाही. पोतं नाही म्हणून काटा नाही, काटा नाही म्हणून पावती नाही, पावती नाही म्हणून पैसा नाही. वरून ढग. त्या नऊ दिवसांचा खर्च, राखणीचा, ताडपत्रीचा, ओलाव्याने कापलेल्या वजनाचा, कोणत्या कागदावर आला? कुठेच नाही. तो शेतकऱ्याच्या घरात जिरला.

आता वडसा-गडचिरोली ५२ किलोमीटरची रेल्वे होते आहे. सुरजागडचं लोहखनिज रस्त्याने धावतंच आहे, आणि त्या ट्रकांनी रस्त्याची आणि माणसांची काय गत केली ते गडचिरोलीकडच्या मित्रांना विचारा. रेल्वे पाहिजेच, मी विरोधात नाही. पण त्या स्टेशनांवर धानाला शेड असेल का, ग्रामसभेच्या बांबूला आणि तेंदूपत्त्याला वॅगन मागता येईल का, छोट्या मालाचं बुकिंग होईल का, हे प्रश्न फलाट बांधून झाल्यावर विचारून उपयोग नाही. आत्ता विचारायला पाहिजेत, निवेदनात लिहून, तारीख टाकून.

भाचीने विषय घेतला बरं का. गाईडने आधी नाक मुरडलं, मग मान्य केला. तिला आता जुने कागद पाहिजेत. सावली, व्याहाड, पाथरी, मूल, कुठेही, तुमच्या घरी आजीच्या काळातली कातणीची वही, सुताच्या नोंदीचं कार्ड, भांडाराची पावती, चरख्याचे सुटे भाग असतील तर फोटो काढून पाठवा. भंगारात देऊ नका. आणि कुणाच्या आजीने सावलीच्या केंद्रावर सूत दिलेलं असेल, आठवड्याला किती पैसे मिळायचे आणि त्याचं ती काय घ्यायची हे तिने सांगितलेलं असेल, तर तेवढं नक्की लिहून कळवा.